डुक्कर फियाटला कोणतं इंजिन बसवू? (१९५६ची, उघड्या टपाची, ब्लॉक तडकलाय)

रंकाळ्याचा वारा

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी स्वतः धागा काढतेय. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचून सांगा.

बाबांची १९५६ची डुक्कर फियाट माझ्याकडे आहे. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: फियाट अकराशे, एकशेतीन मॉडेल. इटलीत १९५३ साली आली आणि आपल्याकडे मुंबईत प्रीमियरने जोडली. नाक फुगीर, पाठ गोल, म्हणून लोकांनी नाव ठेवलं डुक्कर. पुढची आणि मागची दारं एकाच मधल्या खांबाला लटकतात आणि विरुद्ध दिशांना उघडतात. १०८९ सीसी, ३६ अश्वशक्ती, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा.

आमची गाडी मूळ रूपात नाही. बाबांनी १९८४ साली तिचं टप कापून घेतलं, वर कापडी हूड केलं, मागची सीट नवी बांधली. मधले खांब कमरेइतके ठेवलेत. त्या बदलाची नोंद आरसी बुकात शिक्क्यासकट आहे, बाबा त्या बाबतीत काटेकोर होते.

मागच्या महिन्यात मालवणहून येताना करूळ घाटात गाडी तापली. काटा लालच्या पार गेला होता. मी घाबरून थांबले आणि पाच मिनिटांत रेडिएटरचं झाकण फडक्याने उघडून बाटलीतलं गार पाणी ओतलं. आतून 'टक' असा बारीक आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर तेल दुधाळ चहासारखं. हेड उतरवलं, ब्लॉकला तडा.

आता गॅरेजवाले म्हणतात मारुती जिप्सीचं इंजिन टाका, ताई, गाडी पळेल. एक ओळखीचे म्हणतात प्रीमियर ११८एनईचं टाका. तिसरे म्हणतात मारुती ईकोचं. मला पळवायची नाही. रविवारी पन्हाळा, वर्षातून दोनदा मालवण, शेजारच्या सीटवर आई. घाटात दम लागू नये आणि वाटेत बंद पडली तर कणकवलीचा मिस्त्रीसुद्धा उघडून बघू शकेल, एवढंच हवं. काय करू?

---

जिप्सीवेडा (पुणे)

मी माझ्या प्रीमियर पद्मिनीत जिप्सी किंगचं इंजिन बसवलंय, तीन वर्षं झाली. म्हणून अनुभवाने सांगतो.

इंजिन फार गुणी आहे. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० अश्वशक्ती, ब्लॉक अॅल्युमिनियमचा म्हणून जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा हलकं. मुख्य म्हणजे ते लांबीत बसतं आणि मागच्या चाकांना ताकद देतं. एस्टीम, झेनची इंजिनं आडवी बसतात, त्यांचा आपल्याला उपयोग नाही. जिप्सीत ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटी असते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे ती केस काढून टाकली की गिअरबॉक्समधून सरळ मागे प्रोपेलर शाफ्ट नेता येतो. मी शाफ्ट नवा बनवून बॅलन्स करून घेतला.

आता दुसरी बाजू. इंजिन बसवणं हे एकूण कामाच्या निम्मंसुद्धा नाही. वायरिंगचा अख्खा जुडगा, ईसीएम (इंजिनाचा संगणक), टाकीत पंप, पेट्रोलची परतीची नळी, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर. आणि ब्रेक! पद्मिनीला चारही ड्रम. ८० अश्वशक्ती आल्यावर पहिल्याच उतारावर कळलं की गाडी थांबत नाही. मग पुढे मारुतीच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर बसवायला लेथवर ब्रॅकेट केले, मास्टर सिलिंडर बदलला. सहा महिन्यांनी मागचा एक्सल शाफ्ट पिळवटून तुटला, कात्रजच्या चढावर. तो बदलला.

मी आनंदात आहे. पण माझ्या पद्मिनीला टप आहे. तुमच्या गाडीला नाही. हा फरक साधा नाही.

---

दहा-बाराचा पाना (कोल्हापूर)

वरच्या भावाच्या शेवटच्या तीन वाक्यांना माझं पूर्ण अनुमोदन.

ताई, मी उद्यमनगरात बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम चाळीस वर्षं केलं. इंजिनाचं नंतर बघू, आधी एक चाचणी करा. डुक्कर फियाटला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं. टप म्हणजे पेटीचं झाकण, ते कापलं की पेटी पिळू लागते. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, दारं लावा आणि दाराच्या कुलपाकडच्या कडेच्या फटीत एक-एक रुपयाची नाणी किती जातात ते बघा. मग एकच पुढचं चाक जॅकवर उचला, जमिनीपासून वीतभर. परत नाणी घाला. दार उघडून लावून बघा.

मग सांगा. तोवर कुणालाही इंजिनाचे पैसे देऊ नका.

ब्लॉकचा तडा नेमका कुठे आहे? पाण्याच्या जाकिटाला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) बाहेरून असेल तर मेटल स्टिचिंग होतं. तड्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडून चाव्या ठोकतात, मग एकात एक अडकणारे आटे बसवतात. वेल्डिंगला हो म्हणू नका. बिडात कार्बन भरपूर, एका जागी तापवलं की शेजारी नवा तडा जातो. सगळा ब्लॉक भट्टीत तापवून, मग सावकाश गार करणारे कारागीर आहेत, पण थोडे. तडा सिलिंडरच्या आत गेला असेल तर लाईनर घालून वाचतो. मेन बेअरिंगच्या (ज्यावर क्रँक फिरतो) भिंतीत गेला असेल तर मात्र तो ब्लॉक शोभेला ठेवा. लाल डाय मारून, पुसून, पांढरी पावडर मारा. तडा जिथवर गेलाय तिथवर लाल रेघ उमटते.

---

मांडवीकाठ (पणजी)

११८एनईवाला मी बोलतो. गाडी माझ्या मामांची, आता माझ्याकडे.

त्यातलं इंजिन निस्सानचं ए१२. ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. क्रँक पाच मेन बेअरिंगवर फिरतो, फियाटचा तीनवर. हा फरक सत्तरच्या पुढे कानाला कळतो: फियाटचं इंजिन धापा टाकतं, निस्सानचं गुणगुणतं. पुशरॉडचं साधं इंजिन, कार्बोरेटर, डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), कुठलाही मिस्त्री उघडू शकतो. ताकद दीडपट नाही पण घाटात फरक पडतो, आणि मूळच्या डिफरन्शियलला फार जड जाणार नाही.

अडचण दोन. एक, गिअरचा दांडा जमिनीवर येईल, बोगद्यात भोक पाडावं लागेल. दोन, सुटे भाग. मी मागच्या वर्षी वॉटर पंपासाठी पाच आठवडे फिरलो. तुम्हाला घ्यायचंच असेल तर एकाऐवजी दोन इंजिनं घ्या, एक भागांसाठी.

---

आरसी बुक (ठाणे)

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर होतो. कागदाची बाजू सांगतो, कारण त्यावरच पुढे माणसं अडकतात.

जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणजे १०८९ सीसीच्या फियाटच्या बुकावर १२९८ सीसी मारुती लिहून घेणं हे गॅरेजवाला म्हणतो तितकं सोपं नाही. आरटीओला आधी अर्ज, परवानगी, मग काम. उलट केलंत तर अपघातात विमा कंपनी पहिलं बोट इंजिन नंबरावर ठेवते. ज्याच्या अंगावर गाडी गेली त्याच्या भरपाईचा प्रश्न येतो तेव्हा हे फार भारी पडतं. मी अशा घरांत गेलोय, म्हणून आवर्जून सांगतोय.

दुसरं, कुणीतरी तुम्हाला व्हिंटेज नंबर घ्या म्हणेल. जुलै २०२१च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, २० हजार फी, दहा वर्षं मुदत. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. शिवाय अशी गाडी रोज वापरायला मिळत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती. तुमचं टप कापलेलं, आणि तुम्हाला मालवणला जायचंय. तेव्हा आहे ती साधी नोंदणी सांभाळा. बाबांनी घेतलेला तो शिक्का सोन्यासारखा आहे, त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

त्याच घराण्याचं, त्याच मापाचं इंजिन घातलंत तर अर्ज सोपा होतो. फक्त नंबर बदलतो. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीची पावती हवी.

---

रंकाळ्याचा वारा

पाना काका, चाचणी केली. आई टॉर्च धरून होती, मी नाणी.

सपाट जमिनीवर उजव्या दाराच्या फटीत दोन नाणी. जॅकवर चार, आणि वरच्या टोकाला पाचवंसुद्धा शिरलं. दार उघडलं ते परत लागेना. कुलपाची जीभ खाचेच्या वर येऊन टेकली. गाडी खाली उतरवल्यावर गपकन लागलं. मी हे दार इतकी वर्षं जरा उचलून लावायचे, मला वाटायचं बिजागरी झिजलीय.

डायही मारला. लाल रेघ तिसऱ्या सिलिंडरच्या जाकिटापासून सुरू होते आणि खाली मधल्या मेन बेअरिंगच्या भिंतीत जाते. फोटो टाकलाय.

---

दहा-बाराचा पाना

फोटो पाहिला. ब्लॉक गेला. वाईट वाटलं.

पण ताई, नाण्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. ज्या बॉडीचं दार एका जॅकवर लागत नाही, तिला ८० अश्वशक्ती देऊ नका. ५२सुद्धा आज नको. इंजिन जोर लावतं तेव्हा तो जोर बॉडीला पीळ देतो, आणि तुमचे कमरेइतके खांब दारांचं ओझं घेऊन झुलताहेत. दोन पावसाळ्यांत खांबाच्या मुळाशी पत्रा फाटेल. फियाटने स्वतः १९५५ साली याच घराण्यातली उघडी दोन आसनी गाडी काढली, तिचा तळ कारखान्यातच जादा मजबूत केलेला होता. बाबांनी कापून घेतलं तेव्हा तेवढा विचार करणारा कारागीर मिळाला नसावा.

आधी सिल, म्हणजे दारांखालचा उंबरा. आतून दोन मिमी पत्र्याची बंद पेटी पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत. दोन्ही सिल जोडणारी एक आडवी नळी पुढच्या सीटखालून. हे काम करताना गाडी चाकांवर किंवा चार सारख्या टेकूंवर, समपातळीत, दारं लावलेली. जॅकवर झुकलेल्या गाडीला वेल्डिंग केलंत तर तो पीळ कायमचा तिच्यात राहील.

मग इंजिन: पद्मिनीचं घ्या. डुक्कर, सिलेक्ट, डिलाइट, पद्मिनी, सगळ्यांचा ब्लॉक एकाच घराण्यातला. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. तरी गृहीत धरू नका. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून इंजिनाच्या पायांचे ब्रॅकेट, फ्लायव्हील, डिपस्टिकची जागा, चेंबरची (खालच्या तेलाच्या भांड्याची) खोली मोजा.

---

जिप्सीवेडा

हे वाचून मी काल माझ्या पद्मिनीला हीच चाचणी केली. दोन नाणी, जॅकवरही दोनच. टपाची किंमत कळली.

---

तोरिनोकर

इटलीतून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. इथे या गाडीला 'मिल्लेचेंतो' म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकणारी म्हातारी माणसं अजून आहेत. जुन्या गाड्यांचा मोठा बाजार पूर्वी पादोव्हाला भरायचा, २०२३पासून बोलोन्याला भरतो. गॅस्केट, पिस्टन, वॉटर पंप, रबरी बुश, बरंच काही मिळतं.

एक इशारा. इथे १९६२च्या अकराशे-डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, बोअर ७२. आपल्याकडे शेवटपर्यंत १०८९च राहिलं. नुसतं 'अकराशे डीचा पिस्टन' म्हणून मागवलात तर ७२चा येईल आणि परत पाठवायचा खर्च पिस्टनपेक्षा जास्त होईल. १९६६नंतरच्या अकराशे-आरला पुन्हा १०८९ आलं, ते चालतं. ऑर्डर देताना मॉडेलच्या नावाबरोबर मिलिमीटर लिहा.

ताईंना काही हवं असेल तर मी दिवाळीत घरी येतोय, बॅगेत आणेन.

---

मांडवीकाठ

पाना काकांपुढे मी माझं म्हणणं मागे घेतो. ११८एनई सिल झाल्यावर, पुढच्या जन्मी.

पद्मिनीचं इंजिन बघायला जाताना टॅक्सीचं टाळा. मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर चालल्या, व्हॉल्व्ह आणि सीट खाऊन गेलेल्या असतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून भंगारात तीच इंजिनं रंगवून विकतात. खासगी गाडीचं शोधा, बॉडी सडलेली पण कुटुंबातली.

---

दहा-बाराचा पाना

बरोबर. आणि इंजिन घ्यायला जाल तेव्हा ही कामं तिथेच करा, लाज बाळगू नका.

प्लग काढून क्रँक हाताने फिरवा. एका जागी अडलं तर सोडा. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांवर फरक नको. ब्लॉकच्या बाजूचे गोल वाटीसारखे प्लग बोटाने दाबा. गंजून पापुद्रे निघत असतील तर आतलं जाकीट गाळाने भरलेलं. आणि तुमची गाडी तापली ती का, हे कुणी अजून विचारलंच नाही! नवीन इंजिन त्याच चोंदलेल्या रेडिएटरला जोडलंत तर करूळ घाटात परत तोच प्रसंग. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घ्या किंवा नवा कोअर घाला.

चेंबर उतरवायला दिला तर मधलं बेअरिंग आधी बघा. तीन बेअरिंगच्या क्रँकमध्ये मधलं सगळ्यात जास्त सोसतं. क्रँकवर मायक्रोमीटर दोन दिशांनी लावा, गोल की अंडाकार ते कळेल. दहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग), वीस थाऊ ग्राइंडिंग चालतं. आधीच तीस झालेला असेल तर पुढे फारसं काही शिल्लक नाही.

हेड अॅल्युमिनियमचं आहे. तुमचं जुनंही तापून वाकलं असणार. पोलादी पट्टी आडवी-तिरकी ठेवून खालून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा.

---

वाचनमात्र

इतकी वर्षं नुसतं वाचतो, आज लिहितो. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने माझ्या जुन्या गाडीच्या नळ्या आणि पंपाचा पडदा वर्षात मऊ पडला. इंजिन उतरवलंच आहे तर सगळ्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लागेल. प्लगचा रंग बघून ठरवा.

---

रंकाळ्याचा वारा

चार महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

इंजिन मिळालं. मिरजेजवळच्या एका घरातली १९८८ची पद्मिनी, आजोबांच्या नंतर गोठ्यात उभी होती. बॉडीची चाळण झालेली, इंजिन मात्र हाताने फिरलं. आजींनी नोंदणी रद्द केल्याचा कागद आणि पावती दिली, वर भाकरी-पिठलंही. कॉम्प्रेशन तीन सिलिंडरमध्ये सारखं, चौथ्यात थोडं कमी. काका स्वतः आले होते. चेंबर उतरवला, मधलं बेअरिंग झिजलेलं पण क्रँक गोल. दहा थाऊवर निभावलं. बोअरमध्ये नव्या रिंगा आणि होनिंग पुरलं. व्हॉल्व्हच्या सीट नव्या कडक घातल्या.

सिलचं काम आधी झालं, दोन आठवडे. आता पुढचं चाक उचललं तरी फटीत दोनच नाणी जातात. आईने दार एका बोटाने लावलं आणि काही न बोलता परत उघडून परत लावलं.

बसवताना डाव्या पायाचा ब्रॅकेट जुळेना, जुन्या इंजिनाचा काढून लावला. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. रेडिएटरला नवा कोअर. जुन्याच्या निम्म्या नळ्या गाळाने बंद होत्या, म्हणजे दोष ब्लॉकचा कधीच नव्हता. आरटीओत तीन खेपा झाल्या, पण परवानगी काम सुरू करण्याआधी हातात होती. विमा कंपनीलाही पत्र दिलंय.

काल पहिल्यांदा चालू केलं. तिसऱ्या सेल्फला धरलं. टायमिंग कव्हरमधून थोडं तेल येतंय. सायलेन्सरचा आवाज तोच, बाबा फाटकातून शिरायचे तेव्हाचा.

काका, आता पुढे काय?

---

दहा-बाराचा पाना

टायमिंग कव्हरचं सील बदला, ते आपल्या गल्लीत मिळेल. पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या वर नको, आणि एकाच वेगाने लांब जाऊ नका. मग रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी गार इंजिनावर हेडचे बोल्ट परत टॉर्कने आवळा, मधून बाहेरच्या क्रमाने. गरम असताना हात लावू नका. त्याच वेळी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बघू, मी पाना घेऊन येतो.